बावन्न पायऱ्या आणि एक वाद

आमच्या घरी दिवाळीला चकल्या-करंज्यांइतकीच एका चांगल्या वादाचीही गरज असते. वाद नसला तर फराळ पचत नाही, असा आमच्या वडिलांपासूनचा अनुभव आहे. गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपून दुसऱ्या दिवशी आम्ही सारे वज्रेश्वरीस गेलो, तेव्हा वादाचा विषयही बरोबर गेला असल्यास नवल नाही.

अकलोलीच्या कुंडांवर पोहोचलो. तानसेच्या काठची ही गरम पाण्याची कुंडे. पाण्यात पाय सोडून बसले की माणसाला आपली मते फार पटू लागतात. तिथे आमच्या भाऊजींनी सहज म्हणून एक वाक्य टाकले, "काही म्हणा, जगातल्या साऱ्या खेळांत वेगवान गोलंदाजी खेळून काढण्याइतके कठीण कसब दुसरे नाही."

झाले! अण्णा, म्हणजे आमचे थोरले बंधू, तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यांनी पाण्यातला पाय बाहेर काढला.

"भाऊजी, हातात लाकूड, पायांना पॅड, डोक्यावर शिरस्त्राण! इतके सारे घेऊन खेळणे कसले कठीण? लंगोट लावून मातीत उतरा. समोरचा तुमच्याएवढाच ताकदीचा, तुमच्याएवढाच धूर्त, आणि त्याच्या मनात काय आहे ते त्याच्या डोळ्यांतही दिसत नाही. कठीण ते हे!"

अण्णांचा मुलगा दोन वर्षे अमेरिकेत राहून आलेला. तो म्हणाला, "काका, तिकडे विचाराल तर बेसबॉलचा चेंडू टोलवणे हेच सर्वांत अवघड म्हणतील. गोल चेंडू, गोल दांडू. तिथे दहात तीनदा यश मिळाले तरी खेळाडू उत्तम ठरतो. १९४१ साली टेड विल्यम्सने दहात चारांहून किंचित अधिक वेळा साधले, तर त्याचे कौतुक अजून चालू आहे."

या साऱ्यात भाऊजींची मुलगी, आमची भाची, गप्प होती. ती दहावीत आहे आणि गेली सात वर्षे मल्लखांब करते. यंदा तो सोडून अभ्यासाकडे लक्ष द्यावे, असे घरात ठरत आले होते. ठरवणारे अर्थात भाऊजी. मी तिला विचारले, "तुझे काय म्हणणे?"

ती म्हणाली, "मामा, क्रिकेटमध्ये चेंडू बदलतो, कुस्तीत जोडीदार बदलतो. आमचा खांब बदलत नाही. त्यामुळे चुकले तर सांगायला कारणही नसते."

भाऊजी हसले. पण हे वाक्य माझ्या मनात घर करून बसले. इतिहासाचा थोडाफार नाद असल्याने मी परत आल्यावर या वादाचा माग काढू लागलो, आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम भाऊजींच्या बाजूचा विचार करू. खेळपट्टी बावीस यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर. गोलंदाज पुढे येऊन चेंडू सोडतो आणि फलंदाज यष्टींपुढे उभा असतो, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर आणखी कमी. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर कापतो. तेवढ्यात चेंडू कुठे पडणार, किती उसळणार, आत येणार की बाहेर जाणार हे ओळखून पाय हलवायचा आणि बॅट आणायची. विचार करून हे होतच नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने शरीरच विचार करू लागते, तेव्हा होते. आणि चुकीला क्षमा नाही. १९४८ साली ओव्हलवर ब्रॅडमन आपल्या अखेरच्या कसोटी डावासाठी उतरला, तेव्हा शंभराची सरासरी पुरी व्हायला त्याला अवघ्या चार धावा हव्या होत्या. हॉलिसने त्याला शून्यावर त्रिफळाचीत केले. सरासरी राहिली ९९.९४. त्याच वर्षाच्या आरंभी ॲडलेडला सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके ठोकली होती, ११६ आणि १४५. भाऊजींची बाजू लंगडी नाही.

अण्णांची बाजू तर आपल्या मातीचीच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तोवरची सारी कुस्ती तांबड्या मातीतली. तिथे मॅट होती, नियम निराळे होते. मातीत पाय रुततो, मॅटवर तो निसटतो. मातीत डाव रंगायला वेळ मिळतो, तिथे गुणांची घाई असते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून त्यांना रक्कम उभी करून दिली. १९५२ च्या त्या ऑलिंपिकमध्ये खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आता सांगा, या प्रवासात कठीण काय होते? जपानी मल्लाची पकड सोडवणे, की गावातून हेलसिंकीपर्यंत पोहोचणे?

इथे मला वादाचा पहिला धागा सापडला. आपण "कठीण" हा एकच शब्द दोनतीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. एखादे कसब शिकायला कठीण असते. एखादे शिकल्यावरही दुसऱ्याच्या विरोधात साधायला कठीण असते. बेसबॉलचा टोला आणि क्रिकेटची फलंदाजी ही दुसऱ्या जातीची. गल्लीतले पोरही बॅट फिरवते, दोन चेंडू टोलवतेही. फक्त समोर खरा गोलंदाज आला की दहात सातदा फसते. मल्लखांब पहिल्या जातीचा. तिथे विरोध करणारा कोणी नाही. परंतु नवख्या माणसाला पहिल्या दिवशी त्यावर धड टिकताही येत नाही.

मल्लखांब आहे तरी जुना किती? कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या व्यायामात खांबाचा उल्लेख येतो. मधल्या काळात ही विद्या मागे पडली, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ती पुन्हा उभी केली. परंपरा अशी सांगते की निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन नामांकित मल्ल पुण्यास आव्हान घेऊन आले. बाळंभटदादांनी मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली, आणि मारुतीने दृष्टान्त देऊन त्यांना लाकडी खांबावरचे पेच शिकवले. दृष्टान्ताचे ज्याचे त्याने ठरवावे. पण त्यातले मर्म खरे आहे. खांब हा मल्लाचा न दमणारा, न रागावणारा जोडीदार. त्याच्यावर पकड घोटली की माणसावर ती सुटत नाही. पेशवाई बुडाल्यावर बाजीराव ब्रह्मावर्तास गेला आणि ही विद्याही उत्तरेत पोहोचली. बडोद्यास जुम्मादादांच्या आखाड्यात ती वाढली. पुढे त्यांचे शिष्य माणिकराव यांनी तिला शिस्तीचे रूप दिले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे आपले देशी खेळ करून दाखवले.

खांब पुरायचा, वर मान आणि बोंड, आणि अंगाला एरंडेल चोपडायचे. त्यावर अढी, तेढी, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, ताजवा. सुईदोऱ्यात आपल्याच हातांच्या कमानीतून आपलेच शरीर ओवून काढायचे. दोरीच्या मल्लखांबात तर आधारच हलता. पायाच्या अंगठ्यात दोरी धरून उलटे झालेले पोर पाहिले की पाहणाऱ्याच्याच तळव्यांना घाम फुटतो. मुंबईत शिवाजी पार्कच्या श्रीसमर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही हा खेळ शिकवला. खांब जागेवरून हलत नाही, हे भाचीचे वाक्य त्या मुलांच्या बाबतीत किती खरे! त्याच शिवाजी पार्कवर २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि २०२४ साली देशपांड्यांना पद्मश्री मिळाली.

शिकायला कठीण आणि साधायला कठीण, असे दोन प्रकार झाले. पण हा माग काढताना तिसऱ्या प्रकाराने मला थांबवले. त्याचे नाव पाळवणकर बाळू.

पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात बाळू खेळपट्टीची देखभाल करीत आणि साहेबलोकांना सरावासाठी चेंडू टाकीत. डाव्या हाताची संथ फिरकी. ग्रेग नावाचा नामी फलंदाज त्यांच्यासमोर तासन्तास सराव करी. चेंडू टाकायची त्यांना मुभा होती, बॅट हाती घ्यायची नव्हती. पुढे हिंदूंच्या संघाला जिंकायचे तर बाळूंवाचून गत्यंतर उरले नाही, तेव्हा त्यांना घेतले. पण ते चांभार समाजाचे. मैदानात ज्यांच्या हातचा चेंडू झेलायचा, त्यांनाच चहाच्या वेळी पॅव्हेलियनबाहेर निराळ्या मातीच्या भांड्यात चहा द्यायचा, असा तो काळ. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्या विजयात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम या दोघांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. तिथे बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

चेंडू बोटांतून फिरवून हवेत लोंबकळत ठेवणे हे कसब कठीण खरेच. पण ज्यांच्यासाठी फिरवायचा ते आपल्याबरोबर चहा पीत नाहीत हे ठाऊक असताना, दुसऱ्या दिवशीही त्याच टप्प्यावर तो टाकणे, याला कोणत्या खेळाच्या यादीत घालाल? खाशाबांच्या गहाण घराला कोणत्या यादीत घालाल? आपण अर्धा सेकंद मोजतो, खांबाची उंची मोजतो. खेळाडू मैदानाच्या दारापर्यंत पोहोचतो तोच कशाच्या बळावर, हे मात्र मोजायचे राहून जाते.

हे सारे मी पुढे वाचले. त्या दिवशी मात्र आम्ही कुंडांवरून उठून देवळाकडे निघालो होतो. वज्रेश्वरीचे देऊळ लहानशा टेकाडावर, किल्ल्यासारख्या तटाच्या आत. ते उभे राहिले ते एका नवसातून. वसईच्या मोहिमेवर जाताना चिमाजीअप्पांचा मुक्काम या भागात पडला, आणि वसई फत्ते झाली तर देवीचे देऊळ बांधीन असा त्यांनी नवस केला, अशी कथा आहे. मोहीम १७३७ पासून चालली. ठाणे लवकर हाती आले, वसई येईना. तीन बाजूंना पाणी, एका बाजूने जमीन, आणि तटावर फिरंग्यांच्या तोफा. सुरुंग लावायचे, काही उडायचे, काही फसायचे, आणि पडलेल्या खिंडारात पुन्हा माणसे घालायची. अखेर १७३९ च्या मे महिन्यात किल्ला शरण आला. देऊळ वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांनी बांधविले. आणि ही मोहीम रेटणारे चिमाजीअप्पा प्रकृतीने नाजूक, छातीच्या विकाराने त्रस्त. वसईनंतर दीडदोन वर्षांतच, १७४० च्या डिसेंबरात, ते वारले. तटावर चढणाऱ्याचे कसब सर्वांना दिसते. फसलेल्या सुरुंगाची बातमी ऐकून, खोकल्याची उबळ आवरून, दुसरा सुरुंग खणायला सांगणाऱ्याचे दिसत नाही.

देवळाला बावन्न पायऱ्या आहेत. अण्णा पंचविसाव्या पायरीवर थांबले. कुस्तीचा अभिमान शाबूत होता, गुडघे नव्हते. भाऊजीही थांबले. भाची वर पोहोचून परत खाली आली आणि तिने अण्णांचा हात धरला.

तेव्हा भाऊजींची नजर तिच्या पायांकडे गेली. अंगठ्याच्या बेचक्यात दोरीने पडलेला घट्टा, पोटऱ्यांवर जुने ओरखडे. सात वर्षे ती पोर त्यांच्याच घरात वावरत होती.

"हे दुखत नाही?" त्यांनी विचारले.

"पहिली दोन वर्षे दुखायचं, बाबा," ती म्हणाली.

भाऊजी काही बोलले नाहीत. दर्शन झाले, प्रसाद घेतला, नगारखान्याच्या सावलीत सारे टेकलो. पुतण्याने पुन्हा वाद उकरून काढला, "मग काका, निकाल काय?"

मी म्हटले, निकाल तीन आहेत. साधायला कठीण म्हणाल तर भाऊजी आणि तू दोघे जिंकलात, अर्ध्या सेकंदाला तोड नाही. कुस्तीत शिकणे आणि साधणे दोन्ही आले, म्हणून अण्णांना दोन्हीकडे अर्धा-अर्धा गुण. पण शिकायला कठीण म्हणाल तर मल्लखांब. पडण्याची भीती पोटात असताना रोज त्याच खांबापाशी जायचे, आणि सबब सांगायला समोर कोणी नाही, हे मला सर्वांहून भारी वाटते. तिसरा निकाल त्या वेळी माझ्यापाशी नव्हता. तो पाळवणकर बंधूंनी मला पुढे दिला, आणि वर लिहिला आहे.

अण्णांना अर्धा गुण मान्य नव्हता. त्यांनी परतीच्या गाडीत पुरा मागितला, आणि भिवंडी येईपर्यंत तो वाद चालला.

भाऊजी खिडकीपाशी बसले होते. गाडी गावात शिरता शिरता त्यांनी मागे वळून लेकीला विचारले, "तुझी पुढची स्पर्धा कधी म्हणालीस?"

ती तारीख सांगू लागली. ताईने खिशातली पेन्सिल काढायची खूण केली, आणि भाऊजींनी ती प्रसादाच्या पुडीवरच लिहून घेतली.