दाताची कीड, लवंग आणि दुधाची वाटी



दात रात्रीच जास्त ठणकतो, असं आपल्या घरांत म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. माणूस आडवा झाला की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, त्यामुळे ठणकाही वाढतो. दवाखाना बंद, चौविहार घेतलेला, घरात प्रत्येकाचा वेगळा सल्ला. डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत काय करायचं आणि काय नाही, हे माणसाला कळायला खूप काळ लागला. आज त्याचीच गोष्ट सांगते, कारण जुन्या समजुतींतल्या काही अजून आपल्या स्वयंपाकघरात आहेत.

पहिली समजूत किडीची. आपण आजही सहज म्हणतो, 'दाताला कीड लागली.' हा शब्द फार जुना आहे. मेसोपोटेमियातल्या मातीच्या विटांवर दातातल्या अळीला घालवण्याचा मंत्र कोरलेला सापडला आहे. सुश्रुतसंहितेत दाताच्या रोगांमध्ये 'कृमिदंतक' आहे. अळी आहे म्हटल्यावर तिला धूर देऊन बाहेर काढायचं, हेही ओघानं आलं. युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी देत, तर आपल्या खेड्यांत भुईरिंगणीच्या बियांची. ओव्याच्या जळलेल्या बीतून निघालेला वळलेला अंकुर अळीसारखा दिसायचा आणि लोकांची खात्री पटायची.

1728 साली फ्रान्समधल्या पिएर फोशार यांनी दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपल्याला अशी अळी दिसली नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. साखर दातांना घातक आहे, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. पुढे 1890 साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्यानं खरं कारण मांडलं. तोंडातले सूक्ष्म जंतू साखर आणि पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. म्हणजे धुरीनं पळून जाईल असं आत काहीच नसतं. रस्त्यावर कोणी दातातून अळी काढून दाखवत असेल, तर ती त्याच्या हातचलाखीतून आलेली असते.

आता लवंग. ही समजूत मात्र काळाच्या कसोटीला उतरली. लवंगेतलं युजेनॉल हे द्रव्य नस थोडा वेळ बधिर करतं. म्हणूनच दातांचे डॉक्टर आजही झिंक ऑक्साइडमध्ये लवंगतेल कालवून तात्पुरता मसाला भरतात. घरी तेल वापरायचं तर कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घेऊन तो फक्त दुखऱ्या दातावर ठेवावा. हिरडीवर तेल ओतलं तर ती भाजते. लहान मुलांना तर देऊच नये. आणि ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला, असंही नाही. आतली नस मेली तरी ठणका थांबतो आणि जंतू मुळाशी काम करत राहतात.

इथे आपल्या बायकांचा नेहमीचा प्रश्न येतो. लवंग स्वादिमात मोडते, मग चौविहारात काय करायचं? शिवाय लोक सांगतात ते उपाय म्हणजे लसूण, मध आणि बर्फ. तिन्ही आपल्याकडे अभक्ष्य. मैत्रिणींनो, यातल्या एकाचीही गरज नाही. ठेचलेल्या लसणानं हिरडी भाजते आणि मध म्हणजे जंतूंना पुन्हा गोडच. थंड पाण्यात बुडवून पिळलेला कपडा गालावर बाहेरून ठेवला आणि उशी उंच घेतली, तरी आराम पडतो. चौविहार नसेल तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. दातात अडकलेला कण धाग्यानं अलगद काढावा, टाचणी किंवा सुई घालू नये. असह्य वेदना असेल तर पच्चक्खाणाच्या पाठातच तीव्र आजारासाठी आगार ठेवलेला आहे. त्याबद्दल गुरुमहाराजांना किंवा साध्वीजींना आधीच विचारून ठेवावं, रात्री दोन वाजता मनाशी झगडत बसू नये.

गोळीबद्दल एकच सांगते. अ‍ॅस्पिरिन 1899 साली बाजारात आली आणि लोक ती दुखऱ्या दाताशेजारी दाबून ठेवू लागले. त्यानं गालाची आतली कातडी भाजून पांढरी पडते. आपल्याला चालणारी, डॉक्टरांनी पूर्वी सांगितलेली वेदनाशामक गोळी पाण्याबरोबर गिळायची असते. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनानं घेऊ नयेत. मशेरीबद्दल तर काय सांगू! आपल्या महाराष्ट्रात कितीतरी बायकांना मशेरीची सवय दातदुखीपासूनच लागली. तो जाळलेला तंबाखू आहे, औषध नव्हे.

सुजेला मात्र कधीही हलकं घेऊ नका. सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या छापत. त्यांत 'दात' हे मरणाचं एक कारण म्हणून वेगळं लिहिलेलं असे. त्यात दात येताना दगावलेली तान्ही मुलंही धरलेली असत, पण दाताच्या पूनं माणूस जातो हे खरंच आहे. 1836 साली लुडविग या जर्मन डॉक्टरांनी जबड्याखाली पसरून श्वास कोंडणाऱ्या सुजेचं वर्णन केलं. तिचं मूळ बहुतेक वेळा दाढेत असतं. म्हणून गाल किंवा गळा सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास झाला, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावं. सुजेवर शेक देऊ नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खेळताना मूल पडतं आणि पुढचा दात मुळासकट हातात येतो. दहाव्या-अकराव्या शतकात कोर्दोबाचे वैद्य अल-झहरावी हललेले दात सोन्याच्या तारेनं शेजारच्या दातांना बांधत. पण निखळलेला दात कधी जगतो आणि कधी जगत नाही, हे कोडं बराच काळ सुटलं नव्हतं. 1966 साली डेन्मार्कमध्ये आंद्रेआसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं परत बसवलेले 110 दात तपासले. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी सुमारे 90 टक्के दातांची मुळं दोन वर्षांनंतरही शाबूत होती. दोन तासांहून उशिरा बसवलेल्यांपैकी सुमारे 95 टक्के दातांची मुळं झिजू लागली होती. मुळावर जिवंत पेशींचा पातळ पापुद्रा असतो, तो वाळला की दात गेला. पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात, दुधात मात्र काही तास तग धरतात. हे स्वीडनमधल्या अभ्यासातून 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आलं.

म्हणून इतकं लक्षात ठेवा. मूल बेशुद्ध झालं असेल किंवा डोक्याला मार असेल, तर आधी रुग्णालय. नसेल तर दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधानं किंवा सलाइननं नुसता खळबळून घ्या, घासू नका. कायमचा दात असेल तर तो लगेच खाचेत सरळ बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल तर थंड दुधाच्या वाटीत ठेवा आणि निघा. घरात दूध नसेल तर त्याच मुलाची लाळ वाटीत घेऊन त्यात ठेवला तरी चालतो, कोरड्या कागदात मात्र गुंडाळू नका. दुधाचा दात परत बसवायचा नसतो, त्यानं खालून येणाऱ्या दाताला इजा होते. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

आपल्या पणज्यांच्या काळी डॉक्टरच नव्हते. कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी 1920 साली दंतमहाविद्यालय काढलं. तिथे शिकून फातिमा जिना यांनी 1923 मध्ये मुंबईत दवाखाना उघडला, तेव्हा बाईनं दंतवैद्य होणं ही अगदी विरळ गोष्ट होती. आज गल्लीत दवाखाना आहे. आपलं काम तिथे पोहोचेपर्यंतचं, आणि ते आपल्याला रोजच्या सवयीच्या जयणेनंच करायचं आहे. जवळच्या दंतवैद्यांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या रुग्णालयाचा नंबर आजच लिहून फ्रीजवर लावा, आणि दुधाच्या वाटीची गोष्ट सुनेला, कामाच्या ताईंना आणि शाळेच्या बसमधल्या मावशींनाही सांगा.