जन्माला आलात? पुरावा दाखवा!

अमेरिकेत सगळं कसं कागदोपत्री चोख, असा आपला एक समज असतो. पण देशव्यापी जन्मनोंदणी तिथे १९१५ मध्ये फक्त १० राज्यं आणि वॉशिंग्टन डी.सी. घेऊन सुरू झाली, आणि शेवटचं टेक्सास त्यात आलं ते थेट १९३३ साली. त्यातही अट काय, तर ९०% जन्म नोंदले गेले की राज्य पास!

खेड्यातल्या काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) बाळंतपणं घरीच, सुईणीच्या हातून व्हायची. नोंद करायला लांबच्या ऑफिसात जातंय कोण? आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

अडलं ते नंतर. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने म्हातारपणी पेन्शनची सोय केली, पण वय सिद्ध करा म्हणाले. मग आलं महायुद्ध. विमानाच्या कारखान्यात नोकरी हवी? नागरिकत्वाचा पुरावा आणा. चाळिशीतली धडधाकट माणसं आपण जन्मलो हे सांगायला रांगेत उभी! त्यांच्यासाठी 'डिलेड', म्हणजे उशिराचा, दाखला निघाला. पुरावा काय चालायचा? बाप्तिस्म्याची नोंद, जनगणनेतली जुनी नोंद, घरच्या बायबलमध्ये आजीने लिहून ठेवलेली तारीख. म्हणजे सरकारी शिक्क्याखाली शेवटी आजीचंच अक्षर!

आणि ज्या घरात कुणालाच लिहिता येत नव्हतं? दक्षिणेत वाट्याने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीयांची अशी कितीतरी घरं. साउथ कॅरोलिनाने २०११ मध्ये मतदानासाठी फोटो ओळखपत्राचा कायदा केला, तेव्हा सुईणीच्या हातून घरी जन्मलेले म्हातारे पुन्हा अडकले. प्रकरण कोर्टात गेलं. २०१२ मध्ये कायदा टिकला, पण एका पळवाटेसकट: 'जन्मदाखला नाही' असं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या आणि मत टाका.