नगरप्रमुखांची सार्वजनिक उपस्थिती (महाराष्ट्र)

महापौर, नगराध्यक्ष व नगरपंचायतींचे अध्यक्ष पदाच्या नात्याने ज्या स्वागतांना, सत्कारांना, उत्सवांना, जयंती-पुण्यतिथ्यांना, उद्‌घाटनांना आणि शोकसभांना हजर राहतात, त्यांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. पदाधिकाऱ्यांचे पक्षीय मेळावे व खासगी समारंभ यांचा येथे विचार केलेला नाही.

कायदेशीर पार्श्वभूमी : मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा कायदा आणि इतर महापालिकांसाठीचा १९४९ चा कायदा या दोहोंनी कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे ठेवले. महापौराकडे सभागृहाचे अध्यक्षपद आले. मुंबईत या पदाला १९३१ पर्यंत ‘अध्यक्ष’ म्हणत. त्या वर्षी ‘महापौर’ ही उपाधी आली आणि जे. बी. बोमन-बेहराम हे पहिले महापौर झाले. सुलोचना मोदी या मुंबईच्या पहिल्या महिला महापौर (१९५६). अंदाजपत्रक आयुक्त तयार करणार, कामे आयुक्त करवून घेणार आणि शहराच्या वतीने लोकांत उभा राहणार महापौर, अशी ही वाटणी आहे. म्हणून महापौर कोठे गेले, कोणाला हार घातला आणि कोठे गेले नाहीत, हे या पदाच्या इतिहासात ठरावांइतकेच महत्त्वाचे ठरते. पदाच्या अभ्यासात हा भाग किरकोळ मानला जातो. प्रस्तुत नोंदीत तसा मानलेला नाही. मुंबईत १९९८–९९ मध्ये ‘मेयर-इन-कौन्सिल’ पद्धतीने महापौराला कार्यकारी अधिकार देऊन पाहिले गेले. तो प्रयोग लवकरच गुंडाळण्यात आला.

नगरपरिषदांची स्थिती थोडी वेगळी आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखालील नगराध्यक्षाला प्रशासनात तुलनेने अधिक वाव असतो. त्याची निवड थेट जनतेतून व्हावी की नगरसेवकांतून, याबाबत राज्याचे धोरण अनेकदा बदलले आहे. २००१ मध्ये व पुन्हा २०१६ मध्ये थेट निवडीची पद्धत आणली गेली. थेट निवडून आलेला नगराध्यक्ष गावच्या जत्रेत वा उरुसात ज्या हक्काने वावरतो, तो सभागृहाने निवडलेल्याला क्वचितच लाभतो.

मानपत्रे व नागरी सत्कार : शहराने पाहुण्याचा गौरव करण्याची जुनी रीत मानपत्राची. सभागृहात ठराव करायचा, मजकूर सुवाच्य अक्षरांत लिहवून किंवा रेशमी कापडावर छापवून घ्यायचा, अध्यक्षाने तो जाहीर समारंभात वाचायचा आणि चांदीच्या करंडकात घालून पाहुण्याच्या हाती द्यायचा, असा क्रम असे. एकोणिसाव्या शतकात मानपत्राचे मानकरी बहुधा व्हाइसरॉय, गव्हर्नर आणि राजघराण्यातील पाहुणे असत. कमानी, रोषणाई आणि करंडक यांचा खर्च नगरपालिकेच्या तिजोरीतून होई.

या खर्चाविरुद्ध सभागृहात उठलेला सर्वांत ठळक आवाज महात्मा जोतीराव फुले यांचा. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये मंजूर करावेत, असा प्रस्ताव आला. ही रक्कम पुण्यातील गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावी, असे फुले यांनी म्हटले. चरित्रकारांच्या नोंदीनुसार ३२ सभासदांत प्रस्तावाविरुद्ध पडलेले ते एकमेव मत होते. सरकारने नेमलेला सदस्य सरकारच्या सर्वोच्च पाहुण्याच्या स्वागतखर्चाला नकार देतो, हे त्या काळी सोपे नव्हते. शहराच्या पैशाने कोणाचा मान राखायचा, हा प्रश्न या एका मताने कायमचा सभागृहापुढे आणला. मंडईच्या बांधकामावरील मोठ्या खर्चालाही त्यांचा विरोध होता, अशी नोंद आढळते.

विसाव्या शतकात लोकनियुक्त सदस्यांची संख्या वाढली आणि मानपत्राचे मानकरी बदलले. १९२४ मध्ये मुंबई महापालिकेने महात्मा गांधींना मानपत्र दिले. त्या वेळी विठ्ठलभाई पटेल अध्यक्ष होते. गांधीजी मानपत्रांचे करंडक जाहीर सभेत लिलावात काढून ती रक्कम खादी किंवा हरिजन निधीकडे वळवीत. नगरपालिकेने दिलेली चांदी अशा रीतीने त्याच सभेत सार्वजनिक कामाला लागे.

मानपत्राच्या इतिहासातील सर्वांत गंभीर प्रसंग पुण्याचा आहे. अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यात २५ जून १९३४ रोजी गांधीजींना पुणे नगरपालिकेचे मानपत्र देण्याचे ठरले होते. नगरपालिकेचे कामकाज तेव्हा विश्रामबागवाड्यात चाले. समारंभासाठी येणाऱ्या एका मोटारीवर बाँब टाकण्यात आला. ती मोटार गांधीजींची असल्याचा समज झाला असावा. प्रत्यक्षात त्यांची गाडी मागून येत होती. नगरपालिकेचे मुख्याधिकारी, पोलीस आणि जमलेल्यांपैकी काही जण जखमी झाले. गांधीजी नंतर तेथे पोहोचले आणि समारंभ पार पडला. हल्लेखोर पकडला गेला नाही. त्यामागे कोण होते याविषयी वेगवेगळी मते मांडली गेली आहेत. बाँब पडल्यावरही मानपत्र दिले गेले, ही गोष्ट पुणे नगरपालिकेच्या इतिहासात आजवर मिळाली त्याहून मोठी जागा मिळण्यास पात्र आहे.

नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धम्मदीक्षेनंतर नागपूर महापालिकेने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा नागरी सत्कार केला. दीक्षा सोहळ्याची वर्णने विपुल आहेत. त्यांत या सत्काराचा उल्लेख बहुधा ओझरता येतो.

स्वातंत्र्यानंतर करंडक मागे पडला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि पुष्पगुच्छ आले. सत्कारमूर्तींमध्ये खेळाडू, कलावंत, गुणवंत विद्यार्थी, शूर जवान व त्यांचे कुटुंबीय यांची संख्या वाढली. काही ठिकाणी महापौराने औपचारिक प्रसंगी झगा घालण्याची प्रथा टिकून आहे.

पुतळे आणि नामकरणे : लोकमान्य टिळकांचा पुणे मंडईतील पुतळा नगरपालिकेने उभारला आणि २२ जुलै १९२४ रोजी मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. न. चिं. केळकर यांच्या अध्यक्षपदाच्या काळातील हे काम होय. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी महात्मा फुले यांचा पुतळा उभारण्याची मागणी नगरपालिकेत मांडली. तिच्यावरून तीव्र वाद झाला आणि ती तेव्हा मान्य झाली नाही. पुण्याच्या मंडईला, म्हणजे रे मार्केटला, फुले यांचे नाव मिळाले ते प्र. के. अत्रे नगरपालिकेत असताना. बालगंधर्व रंगमंदिराच्या पायाभरणीचा मान (८ ऑक्टोबर १९६२) पदाधिकाऱ्यांनी आपल्याकडे न ठेवता खुद्द बालगंधर्वांना दिला. हा औचित्याचा नमुना होय. रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी खुले झाले.

महाड : लहान नगरपालिकांविषयीची माहिती विखुरलेली आहे, महाड हा त्याला अपवाद. मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये संमत झाल्यावर महाड नगरपालिकेने १९२४ च्या आरंभी चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले सुरेंद्रनाथ टिपणीस मार्च १९२७ च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या कामात सहभागी होते. ठराव कागदावर तीन वर्षे होता. लोक तळ्यावर गेले आणि नगरपालिकेतला माणूस त्यांच्या बाजूने उभा राहिला तेव्हा त्याला अर्थ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. नगरप्रमुखाच्या उपस्थितीचे मोल दाखवणारे याहून चांगले उदाहरण प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही.

पुण्यातील वार्षिक क्रम : पुणे महापालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली, बाबुराव सणस हे पहिले महापौर. येथे महापौराच्या उपस्थितीला उत्सवाच्या क्रमात ठरलेली जागा आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे स्वागत कळस येथे, तर तुकाराम महाराजांच्या पालखीचे बोपोडी येथे शहराच्या वतीने होते. महापौर पादुकांचे दर्शन घेतात आणि दिंडीप्रमुखांचा सत्कार करतात. त्याआधी पिंपरी-चिंचवड महापालिका तुकाराम महाराजांच्या पालखीचे निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे दिघीच्या मॅगझिन चौकात स्वागत करते. दिंड्यांना ताडपत्रीसारख्या उपयोगी वस्तू भेट देण्याची तेथे चाल आहे. भेटवस्तूंच्या खरेदीवरून सभागृहात वाद झाले आहेत. स्वागताच्या छायाचित्रांपेक्षा पाण्याचे टँकर, फिरती शौचालये, वैद्यकीय पथके आणि मुक्कामी उघडलेल्या महापालिका शाळा यांचे काम मोठे असते. मात्र ते महापौराच्या नावे नोंदले जात नाही.

अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणुकीचा आरंभ मंडईतील टिळक पुतळ्याजवळ होतो. महापौर पुतळ्याला हार घालतात, मानाच्या पहिल्या कसबा गणपतीची आरती होते आणि मिरवणूक निघते. पुढे अलका टॉकीज चौकात महापालिकेचा स्वागतमंडप असतो. तेथे येणाऱ्या प्रत्येक मंडळाच्या अध्यक्षाला नारळ दिला जातो. मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. म्हणून महापौर, उपमहापौर व इतर पदाधिकारी मंडपात आळीपाळीने थांबतात. मानाच्या पाच गणपतींपासून उपनगरातल्या नव्या मंडळापर्यंत सर्वांना सारखाच नारळ मिळतो; मंडळांचे कार्यकर्ते रात्री कितीही वाजता तो घेण्यासाठी रथावरून उतरतात. १९२४ मध्ये उभा राहिलेला पुतळा आज या सबंध क्रमाचे पहिले ठिकाण आहे.

मुंबई : स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन आणि १ मे रोजी महापालिका मुख्यालयात ध्वजारोहण, हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना अभिवादन, गणेशविसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटी, आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी ही महापौराच्या वर्षातील ठरलेली ठिकाणे. डॉ. आंबेडकरांच्या या महापरिनिर्वाणदिनी राज्यपाल व मुख्यमंत्र्यांबरोबर महापौर अभिवादन करतात. शिवाजी पार्कवर देशभरातून येणाऱ्या अनुयायांसाठी निवारा, पाणी, शौचालये व आरोग्यसेवा यांची व्यवस्था महापालिका करते. या दिवसाची सोय नीट व्हावी म्हणून आंबेडकरी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. आजच्या व्यवस्थेचे श्रेय त्यांच्याकडेही जाते.

परदेशी पाहुण्यांचे स्वागत हा मुंबईच्या महापौराच्या कामाचा जुना भाग. योकोहामा (१९६५) व श्टुटगार्ट (१९६८) या शहरांशी मुंबईचे भगिनीशहराचे नाते आहे. शिवाजी पार्कजवळचा समुद्राकाठचा महापौर बंगला अशा भेटींसाठी वापरला जाई. तो बाळासाहेब ठाकरे यांच्या स्मारकासाठी दिल्यानंतर निवासस्थान भायखळ्याच्या राणीबागेच्या आवारात हलवण्यात आले. या निर्णयावर मतभेद होते.

निधी, चषक, धावशर्यती : महापौर निधीतून गरजू रुग्णांना साहाय्य दिले जाते. अनेक शहरांत ‘महापौर चषक’ नावाने कबड्डी, खो-खो, कुस्ती यांच्या स्पर्धा होतात. ठाण्याची ‘महापौर वर्षा मॅरेथॉन’ ऐन पावसात धावली जाते. वसई-विरारचीही महापौर मॅरेथॉन आहे.

बेळगाव : कर्नाटकातील या शहरात मराठी महापौराची उपस्थिती हाच सीमावादाचा विषय झाला. महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केल्यानंतर २००५ मध्ये तत्कालीन महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळुरूत काळे फासण्यात आले आणि महापालिका बरखास्त झाली. १ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव; महाराष्ट्र एकीकरण समिती तो काळा दिन म्हणून पाळते. २०११ मध्ये महापौर व उपमहापौर काळ्या दिनाच्या फेरीत सहभागी झाल्या. त्यानंतर राज्य सरकारने महापालिका पुन्हा बरखास्त केली. पदावरील व्यक्तीने राज्याच्या अधिकृत उत्सवाऐवजी निषेधाच्या फेरीत जावे काय, यावर दोन्ही बाजूंची भूमिका ठाम आहे. मतदारांनी निवडलेले सभागृह एका फेरीतील सहभागानंतर बरखास्त होणे ही मात्र स्थानिक स्वराज्याच्या दृष्टीने चिंतेची बाब होती.

मानाचा क्रम : निमंत्रणपत्रिका व कोनशिला यांवर कोणाचे नाव आधी, यावरून पालकमंत्री, आमदार आणि महापौर यांच्यात तक्रारी होतात. निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना उद्‌घाटने व भूमिपूजने करता येत नाहीत. त्यामुळे घोषणेच्या आधीच्या आठवड्यांत ती गर्दीने उरकली जातात. वाहनावरील लाल दिवा १ मे २०१७ पासून देशभर बंद झाला.

महिला पदाधिकारी : महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी १९९३ नंतर एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा राखीव आहेत. आरंभीच्या काळात अनेक गावी समारंभांना पदाधिकारी महिलेऐवजी तिचे पती जात, अशी टीका होत असे. हळदीकुंकू आणि बचतगटांच्या मेळाव्यांतून सुरुवात करून पुढे सभागृह ठामपणे चालवणाऱ्या नगराध्यक्षाही याच काळात पुढे आल्या. त्यांच्या कामाची पद्धतशीर नोंद व्हायला हवी.

प्रशासक काळ : मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, राज्यातील इतर अनेक महापालिकांतही त्याच सुमारास प्रशासक आले. निवडणुका लांबत गेल्या. या काळात पालख्यांचे स्वागत, ध्वजारोहण आणि मिरवणुकीचा आरंभ आयुक्तांनी, मंत्र्यांनी किंवा अन्य अधिकाऱ्यांनी केला. व्यवस्था चालू राहिली. पण तक्रारीचा कागद पुढे करण्यासाठी लोकांनी ज्याला गाठावे असा निवडून दिलेला माणूस त्या मंडपांत नव्हता.