ओहोटीची वाट: अलिबागचा किनारा ते कुलाबा किल्ला

अलिबागच्या किनाऱ्यापासून एक ते दोन किलोमीटरवर, समुद्रातल्या खडकावर कुलाबा किल्ला उभा आहे. भरतीला त्याच्या चारही बाजूंनी पाणी असते आणि होडीवाचून तिथे जाता येत नाही. ओहोटी लागली की किनारा आणि किल्ला यांच्यामधली वाळू आणि शेवाळलेले खडक उघडे पडतात आणि माणसे चालत, नाहीतर घोडागाडीत बसून किल्ल्यात जातात. दिवसातून दोनदा उघडणारी आणि दोनदा बुडणारी ही वाट जाणाऱ्याला आज गमतीची वाटते. पण किल्ल्याची जागा, बांधणी आणि त्याच्यावर झालेल्या लढाया यांचा उलगडा याच वाटेवरून होतो.

चालत कधी जायचे हे पंचांगावर ठरते. किनाऱ्यावरची माणसे तिथीच्या अंकाची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती साडेअकराच्या आसपास येते आणि ओहोटी पहाटे व सायंकाळी. मात्र अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते. ते फार चढत नाही तसे फार हटतही नाही, आणि वाटेत गुडघ्याएवढे पाणी राहू शकते. उधाणाच्या दिवसांत भरती उंच चढते, पण ओहोटीला वाट चांगली मोकळी होते. किल्ल्यात रेंगाळलेल्या माणसाला पाणी परत फिरले की पुढची ओहोटी होईपर्यंत तिथेच थांबावे लागते किंवा होडी बघावी लागते.

शिवाजी महाराजांनी हे बेट हेरले ते आरमाराच्या विचाराने. 1679 मध्ये थळसमोरच्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू झाले, आणि मुंबईकर इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही त्याविरुद्ध उठले. खांदेरी मराठी आरमाराच्या मायनाक भंडाऱ्याने टिकवली. त्यापाठोपाठ, 1680 मध्ये, कुलाब्याचे काम काढण्यात आले. महाराजांच्या निधनानंतर संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते पुरे झाले. किल्ल्याची लांबी सुमारे 900 फूट, रुंदी 350 फूट आणि बुरूज 17. पिंजरा, नगारखानी, गणेश, सूर्य, हनुमंत, तोफखानी, दारूखानी ही त्यांतल्या काहींची नावे. तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी सांध्यांत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. तीन शतकांहून अधिक काळ पावसाळ्याचा समुद्र अंगावर घेऊनही हा तट उभा आहे, यात या रचनेचा वाटा मोठा आहे. आत गोड्या पाण्याचे तळे आहे, म्हणून वाट बंद झाली तरी शिबंदीला पाण्यासाठी किनाऱ्याकडे पाहावे लागत नसे. उत्तरेला सर्जेकोट नावाचा छोटा जोडकिल्ला आहे. तो शत्रूच्या हाती गेला असता तर तिथून मुख्य किल्ल्यावर सहज मारा झाला असता, म्हणून ती जागाही तटबंदीत घेतली गेली.

किल्ल्याचा खरा वैभवाचा काळ आंग्र्यांचा. कान्होजी आंग्र्यांना 1698 च्या सुमारास सरखेली, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, मिळाली. पुढे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी त्यांना शाहू महाराजांच्या पक्षाकडे वळवले, तेव्हाच्या तहात कुलाब्यासह अनेक किल्ले त्यांच्याकडे राहिले. कोकणच्या समुद्रात त्यांचा परवाना न घेता व्यापार करणे अवघड झाले. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटले. आपल्या पाण्यात जकात घेण्याचा राज्याचा हक्क बजावणाऱ्या सरखेलाला हे नाव लावणे अन्यायाचे आहे.

1721 च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर मोहीम काढली. सुमारे 6000 फौज आणि कमोडोर मॅथ्यूजची लढाऊ जहाजे असा तिचा पसारा होता. हल्ला मुख्यतः जमिनीच्या बाजूने झाला आणि फसला. बाजीराव पेशवे मदतीला पोचले, इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात कुरबुरी वाढल्या आणि 1722 च्या आरंभी पोर्तुगीजांनी वेगळा तह करून अंग काढून घेतले. किल्ला आंग्र्यांकडेच राहिला.

कान्होजी 1729 मध्ये वारले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. त्यांचा मुलगा सेखोजी याच्यानंतर भावांत वाद पेटला आणि 1735 मध्ये बाजीरावाने दौलत विभागली: कुलाबा मानाजीकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग संभाजी आंग्र्यांकडे. ही वाटणी मराठी आरमाराला फार महागात पडली. विजयदुर्गचे आरमार 1756 मध्ये संपले ते पेशवे आणि इंग्रज यांच्या एकत्र मोहिमेत. कुलाब्याची शाखा मात्र टिकली. मानाजीनंतर आलेल्या राघोजीने 1759 मध्ये किल्ल्यात सिद्धिविनायकाचे मंदिर बांधले. 1787 च्या आगीत आंग्र्यांचा वाडा जळाला.

वारस न उरल्याने 1840 मध्ये इंग्रजांनी आंग्र्यांचे संस्थान खालसा केले. दोनच वर्षांनी किल्ल्यातल्या इमारतींचे लाकूड लिलावात विकले गेले आणि दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या बांधकामाला वापरले गेले. आज आत वाड्यांची जोतीच दिसतात त्याचे हे कारण. समुद्राने जे राखले ते सरकारी कारभाराने मोडले. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा लोक आंग्र्यांच्या समजून बघतात. त्यांच्यावर इंग्लंडमधल्या लो मूर कारखान्याचे नाव आणि 1849 साल आहे, म्हणजे त्या संस्थान बुडाल्यानंतरच्या आहेत.

किल्ला आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि सिद्धिविनायकाची पूजा चालू आहे. माघ शुद्ध चतुर्थीला, गणेशजयंतीला, तिथे मोठी गर्दी होते. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे चतुर्थीची भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी नवाच्या सुमारास. तिथी आणि समुद्र दोन्ही चंद्राने बांधलेले असल्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलली तरी भाविकांची निघण्याची वेळ फारशी बदलत नाही. उधाण नुकतेच सरत असते, म्हणून वाटही बहुतेक कोरडी मिळते.