पोळ्याची खीर

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी धामणगाव रेल्वेला शाळेत होतो. राशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळे, मिलो. तिची भाकर लहान भाऊ तोंडात धरत नसे. पुढच्या पोळ्याला घरात चण्याची डाळ मूठभर. मायनं त्यात बैलजोडीपुरत्या दोन पुरणपोळ्या केल्या. भाऊ रडू लागला. बाप म्हणे, "तो बैलाचा घास हाय, बाबू." मायनं मिलो जात्यावर भरडली, कण्या गुळात शिजवल्या आन् म्हणाली, "घे, खीर हाय." तो दोनदा मागून जेवला. मायच्या ताटात मात्र मिलोची भाकरच होती. आता नातू पोळ्याला पुरणपोळी सोडून मॅगी मागतो. मी रागावत नाही. सुनेला म्हणतो, "दे करून. पण तू पोळी खाय."