पात्रपत्रकाची वाटचाल

भूमिका-खेळांत खेळाडूच्या पात्राची क्षमता, कौशल्ये, शस्त्रे आणि इजा यांची नोंद ज्या कागदावर ठेवतात, तो म्हणजे पात्रपत्रक. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यासोबत छापील पत्रक नव्हते. ताकद, बुद्धी, चपळाई अशा सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन फासे टाकायचे आणि आलेली बेरीज खेळाडूने कोऱ्या कागदावर लिहायची. नोंदी वाढल्या तशी चौकटींची गरज भासली. चाहत्यांनी स्वतः तक्ते आखले. पुढे प्रकाशकांनीही छापील पत्रके विक्रीस आणली.

हळूहळू पत्रकाची मांडणी नियमांचाच भाग झाली. ‘रूनक्वेस्ट’मध्ये (१९७८) यशस्वीपणे वापरलेल्या कौशल्यापुढे खूण करत आणि त्या खुणेमुळे ते कौशल्य वाढवण्याची संधी मिळे. ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ने (१९९१) आकड्यांच्या जागी भरायचे ठिपके आणले; पात्राची बलस्थाने एका नजरेत कळू लागली. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने (२०१०) प्रत्येक पात्रप्रकाराला स्वतंत्र पुस्तिका दिली. पात्र घडवण्याचे पर्याय आणि त्याचे खास नियम तिच्यातच असल्याने खेळताना नियमपुस्तक वारंवार उघडावे लागत नाही.