गार झाली की सुरू होणारी गाडी

मागच्या खेपेला आपण 'डेल्को' या शब्दापाशी थांबलो होतो. आपल्याकडचे जुने मेकॅनिक पेट्रोल गाडीच्या डिस्ट्रिब्युटरला अजून डेल्कोच म्हणतात. हे नाव मुळात चार्ल्स केटरिंग यांनी 1909 मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात उभ्या केलेल्या कंपनीचं. केटरिंग यांच्या पद्धतीत बॅटरी, कॉइल आणि पॉइंट. पॉइंट झिजायचा, काळा पडायचा, पण डोळ्यांना दिसायचा. पॉलिश पेपर मारला, गॅप लावला, की झालं.

1970 च्या दशकात अमेरिकेतल्या गाड्यांतून पॉइंट जाऊ लागले आणि ट्रान्झिस्टर आले. पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डने टीएफआय नावाचं इग्निशन मॉड्यूल आणलं. मोटारींत आलं, तसं एफ-150 सारख्या पिकअप ट्रकांतही. (आपला ट्रक म्हणजे डिझेल, त्याला स्पार्क लागतच नाही, म्हणून ही कथा आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही.) मॉड्यूल म्हणजे बंद डबी, आणि ती बसवली कुठे, तर थेट डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर, तापलेल्या इंजिनाला खेटून. वायरिंग वाचलं, जोडणी सोपी झाली. पण इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा शत्रू उष्णता, आणि तिच्याच शेजारी बिऱ्हाड थाटलं.

मग व्हायचं असं. हायवेवर गाडी चालता चालता इंजिन बंद. पॉवर स्टिअरिंग जड, ब्रेकही लवकरच जड, आणि मागून वाहनं येतायत. कडेला घेतली, वीसेक मिनिटं थांबलं, की पुन्हा एका किल्लीत सुरू! गॅरेजला नेईपर्यंत डबी गार झालेली असायची. तपासलं तर सगळं ठीक. मालकाला वाटायचं मेकॅनिक आळशी, मेकॅनिकला वाटायचं मालक वहमी. आमच्या मते दोघंही बिचारे खरंच बोलत होते.

शहाण्या मेकॅनिकांनी यातून वाट काढली ती दोष पुन्हा घडवून आणण्याची. इंजिन चालू ठेवायचं, हेअर ड्रायरने मॉड्यूल तापवायचं, हलकेच ठोकून बघायचं, वायरी हलवायच्या. गाडी बंद पडली की लगेच स्पार्क तपासायचा. स्पार्क असेल तर डिझेलवाल्यांसारखं इंधनाकडे वळायचं. नसेल तरी घाई नको: डिस्ट्रिब्युटरच्या पोटात पीआयपी नावाचा सेन्सर असतो, तोही तापला की असाच दगा देतो. तिथून सिग्नल येतोय आणि स्पार्क नाही, तर संशय मॉड्यूलवर. नवं बसवताना पाठीला उष्णता वाहून नेणारं ग्रीस लावलं नाही, तर तेही लवकर जायचं. कितीतरी गाड्यांत मॉड्यूल बदललं आणि दुखणं मात्र तसंच राहिलं, त्याचं कारण बरेचदा हा न तपासलेला सेन्सर.

आता प्रश्न पुराव्याचा. सरकारच्या रस्तासुरक्षा खात्याने गाड्या बंद पडण्याच्या तक्रारींवर चौकश्या केल्या आणि दोष न ठरवता त्या मिटवल्या. कंपनीचं म्हणणं, गाडी बंद पडायला शंभर कारणं असतात. ते खोटं नव्हतं, आणि तिथेच गोम होती! प्रकरण कॅलिफोर्नियात 'हॉवर्ड विरुद्ध फोर्ड' या खटल्यात उभं राहिलं. अलामेडा काउंटीचे न्यायाधीश मायकेल बॅलाची यांनी 2000 मध्ये निकाल दिला, की मॉड्यूल सदोष जागी बसवलं आहे आणि कंपनीने ही माहिती सरकारपासून दडवली. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सुमारे 17 लाख गाड्या परत बोलावण्याचा आदेश काढला. कंपनीने आरोप नाकारले.

त्या गाड्या मात्र परत बोलावल्या गेल्या नाहीत. 2001 मध्ये तडजोड झाली, आणि मॉड्यूल बदलायला खर्च केलेल्या मालकांना पैसे परत देण्याचं ठरलं. त्याआधीच, 1990 च्या दशकात, काही मॉडेलांत कंपनीने ती डबी डिस्ट्रिब्युटरवरून काढून दूर, अॅल्युमिनियमच्या पट्ट्यावर नेऊन बसवली होती.